कडुनिंबाचा पाला, चांदीचे नॅनोकण आणि बुरशी: पाणी तपकिरी झालं म्हणजे औषध झालं का?

एमएस्सीच्या प्रोजेक्टचे दिवस आले की पुण्यातल्या मायक्रोबायॉलॉजी आणि बायोटेकच्या लॅबमध्ये एक ठरावीक वास सुटतो, उकळलेल्या पाल्याचा. कोणी कडुनिंब उकळतंय, कोणी तुळस, कोणी अडुळसा, कोणी निर्गुडी, आणि शेजारी गडद रंगाच्या बाटलीत सिल्व्हर नायट्रेट. विषय पण ठरलेला, अमुक औषधी वनस्पतीपासून चांदीचे नॅनोकण आणि त्यांचा बुरशीवर परिणाम. घरी आई विचारते अगं हे नक्की काय करतेस तू, तर उत्तर येतं, जाऊ दे गं तुला नाही कळणार. का नाही कळणार? कोणालाही कळेल इतकं सोपं आहे ते, निदान पहिला अर्धा भाग तरी. आणि कळायला हवंच, कारण हल्ली 'हर्बल नॅनो सिल्व्हर' नावाखाली थेंब काय, स्प्रे काय, वाट्टेल ते व्हॉट्सॲपवर फिरत असतं आणि चांगली शिकलेली लोकं ते मागवतात पण.

नॅनो म्हणजे काय ते आधी उरकून टाकू. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, आणि १ ते १०० नॅनोमीटरच्या मधला कण असेल तर त्याला नॅनोकण म्हणायचं. आता कण एवढा बारीक केल्याने होतं काय? खरी गंमत पृष्ठभागाची आहे. एक सेंटिमीटरचा चांदीचा चौकोनी तुकडा घ्या, वजन भरेल साडेदहा ग्रॅम, म्हणजे तोळ्याला थोडं कमीच. त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटिमीटर. हाच तुकडा १० नॅनोमीटरच्या ठोकळ्यांमध्ये चिरत गेलात तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर, म्हणजे ६,४०० चौरस फुटांच्या वर. पुण्यात फ्लॅट शोधत फिरलेल्यांना लगेच अंदाज येईल, दहा वन बीएचके झाले हे, आणि चांदी तेवढीच, तोळाभर पण नाही. चांदी जे काही करते ते पृष्ठभागावरून करते, तिथूनच तिचे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, सुटतात, त्यामुळे पृष्ठभाग वाढला की तीच चांदी कामाला लागते.

(काजूकतलीवरचा वर्ख म्हणजे नॅनो का, असं नेहमी विचारतात. नाही. तो कितीही पातळ असला तरी पत्राच आहे, कण नाही. आणि रौप्य भस्म ही तर अजून वेगळी गोष्ट, ते बनवायची पद्धतच वेगळी, ते इथे आणू नका.)

आता बनवायचं कसं. सिल्व्हर नायट्रेट हे चांदीचं मीठ, पाण्यात विरघळलं की चांदीचे आयन मोकळे होतात. चांदीचा आयन म्हणजे चांदीचा असा अणू ज्याचा एक इलेक्ट्रॉन गेलेला आहे. त्याला तो इलेक्ट्रॉन परत दिला की तो पुन्हा धातूची चांदी होतो, असे बरेच अणू एकत्र आले की कण तयार होतो. बस, एवढीच केमिस्ट्री आहे. इलेक्ट्रॉन कोण देणार एवढाच प्रश्न. केमिस्ट्रीवाले त्यासाठी सोडियम बोरोहायड्राइड किंवा सायट्रेट वगैरे वापरतात. वनस्पतीवाले म्हणतात की पाल्यात पॉलिफेनॉल असतात, फ्लॅव्होनॉइड असतात, टर्पेनॉइड असतात, काही साखरा आणि प्रोटीन असतात, यातले बरेच जण इलेक्ट्रॉन द्यायला तयारच बसलेले असतात, मग वेगळं केमिकल कशाला. आणि दुसरं म्हणजे कण तयार झाल्यावर हेच पदार्थ त्याच्याभोवती चिकटून बसतात, त्याला लॅबमध्ये कॅपिंग म्हणतात, त्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत. कॅपिंग नसेल तर सगळे कण गोळा होऊन खाली करडा गाळ बसतो आणि तुमची नॅनोगिरी तिथेच संपते.

प्रत्यक्षात लॅबमध्ये असं चालतं: पानं आधी नळाखाली धुवायची, मग डिस्टिल्ड वॉटरने, सावलीत वाळवून भुकटी करायची किंवा ताजीच बारीक चिरायची, १० ग्रॅम पाला १०० एमएल डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहा-पंधरा मिनिटं उकळायचा आणि गार झाला की फिल्टर पेपरमधून गाळायचा. दुसरीकडे १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे १०० एमएलमध्ये फक्त १७ मिलिग्रॅम. हे ९ भाग आणि अर्क १ भाग असं मिसळायचं आणि वाट बघायची. आधी फिकट पिवळं दिसतं, मग पिवळसर तपकिरी, मग गडद तपकिरी. कुठल्या झाडाला दहा मिनिटं लागतात, कुठल्याला अख्खा दिवस, गरम केलं किंवा पीएच वाढवला की काम लवकर होतं. पाणी मात्र डिस्टिल्डच हवं, नळाचं घेतलंत तर त्यातल्या क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइड तयार होऊन सगळं दुधाळ होतं आणि नवीन पोरं खूश होतात की काहीतरी रिॲक्शन झाली! हातमोजे पण लागतात, सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं की तेव्हा काहीच दिसत नाही, संध्याकाळपर्यंत तिथे काळा डाग उमटतो आणि तो साबणाने जात नाही, कातडीचा तो थर झडेपर्यंत राहतो. घरच्या किचनमध्ये करून बघायचा हा प्रकार नाही एवढं यावरून लक्षात आलं असेलच.

रंग तपकिरी का होतो हे मला या सगळ्यातलं सगळ्यात भारी वाटतं. चांदी तर पांढरी चकचकीत, मग पाणी तपकिरी कसं? तर एवढ्या छोट्या कणात जे मोकळे इलेक्ट्रॉन असतात ते सगळे मिळून प्रकाशाबरोबर मागेपुढे हलायला लागतात, आणि ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे जांभळा-निळा प्रकाश त्यात शोषला जातो, उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा-तपकिरी दिसतो. याला सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स म्हणतात. यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे कुठला प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर, नमुना लावला की ४२०च्या आसपास टेकडी दिसते. टेकडी अरुंद आणि टोकदार असली तर कण साधारण एका मापाचे, पसरट होऊन उजवीकडे सरकली तर कण मोठे झालेत किंवा गोळा झालेत.

पण इथेच बरेच जण फसतात. पाल्याचा अर्क नुसता उघडा ठेवला तरी त्यातली पॉलिफेनॉल हवेने तपकिरी होतात, चांदीचा थेंब नसताना. म्हणून नुसत्या अर्काचा एक बीकर शेजारी ठेवावाच लागतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरनंतर एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण टाकून स्फटिक ओळखायची तपासणी, करायचं, त्यात चांदीच्या स्फटिकाच्या खुणा ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ डिग्रीच्या आसपास येतात. या चार आकड्यांचं कौतुक सगळ्या थिसिसमध्ये असतं, पण त्याच ग्राफमध्ये ३२.२ डिग्रीला एक उंच टोक असतं त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, ते सिल्व्हर क्लोराइडचं असतं. झाडात मुळात क्लोराइड असतोच, त्यामुळे तुम्ही म्हणता चांदीचे कण आणि बाटलीत असते चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडची मिसळण. ते वाईट आहे असं नाही, पण आहे तर लिहा ना! शेवटी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मापाबद्दल काही बोलू नये.

पुण्याचा या विषयात खरोखर मोठा हात आहे, आणि हे इथल्याच बऱ्याच पोरांना माहीत नसतं. पाषाणच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, मुरली शास्त्री आणि अबसार अहमद यांच्या ग्रुपने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जे पेपर काढले त्यांच्यावर आजची ही सगळी वनस्पती-नॅनो नावाची इंडस्ट्री उभी आहे म्हटलं तरी चालेल. २००३ मध्ये जेरॅनियमच्या पानांपासून चांदीचे कण, २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांपासून सोन्याचे आणि चांदीचे, त्याच वर्षी गवती चहापासून सोन्याचे चक्क त्रिकोणी कण, आणि २००६ मध्ये कोरफड. आणि २००३ मध्येच त्यांनी दाखवलं की फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम नावाची बुरशी स्वतःच चांदीचे नॅनोकण बनवते. ही तीच बुरशी जिच्यामुळे शेतात मर रोग येतो. म्हणजे बुरशी मारायचं हत्यार बुरशीकडूनच बनवून घ्यायचं, यापेक्षा पुणेरी काय असणार! पुढे २०१२ मध्ये पुणे विद्यापीठातून कडू कारंद्याच्या कंदापासून बनवलेल्या चांदीच्या कणांवर काम आलं, आणि आगरकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकरांच्या ग्रुपने चांदीच्या नॅनोकणांचं जखमेवर लावायचं जेल तयार करण्यापर्यंत मजल मारली, तो पेपर २००९चा. विदर्भात अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या ग्रुपने २००९ मध्येच दाखवलं की असे कण फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाबरोबर दिले तर कँडिडासारख्या काही बुरशींवर त्या औषधाचा असर वाढतो. मराठी मुलखातलं काम आहे हे, बाहेरून आलेलं नाही.

आता बुरशी. बॅक्टेरिया मारणं तुलनेने सोपं असतं कारण त्यांची पेशी आपल्यापेक्षा फार वेगळी आहे. बुरशीचं तसं नाही, तिच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक, आपल्यासारखेच मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग. तिला मारणारं औषध आपल्यालाही लागू शकतं, त्यामुळे औषधांचे प्रकार मोजकेच आहेत, आणि त्यातले बरेचसे एर्गोस्टेरॉल नावाच्या एका पदार्थाभोवतीच फिरतात, जो बुरशीच्या पेशीच्या पडद्यात असतो आणि आपल्यात नसतो, आपल्यात त्याजागी कोलेस्टेरॉल. एकाच जागी सगळे नेम धरणार म्हटल्यावर बुरशी पण शहाणी होते. आपल्याकडे गजकर्णाची जी हट्टी केस हल्ली दिसते, म्हणजे टर्बिनाफिन हे बुरशीवरचं नेहमीचं औषध दिलं तरी न हलणारी, त्यात ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी असते आणि तिने टर्बिनाफिन जिथे बसतं ती जागाच बदललेली असते. त्यात लोकं दुकानातून स्टेरॉइडवालं मिक्स क्रीम आणून लावतात, खाज थांबते, बुरशी पसरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पहिल्यांदा धोकादायक बुरशींची यादी काढली, १९ नावं, त्यात सगळ्यात वरच्या गटात कँडिडा ऑरिस पण आहे. नवीन औषधं हवीत हे खरंच आहे.

चांदी एका जागी नेम धरत नाही. कणांमधून आयन सुटतात ते प्रोटीनमधल्या सल्फरवाल्या जागांना जाऊन चिकटतात, मग ती एन्झाइमं ठप्प. पडदा सैल होतो, आतलं पोटॅशियम आणि बाकी माल बाहेर गळायला लागतो. मायटोकॉन्ड्रियात गोंधळ होऊन ऑक्सिजनचे मारक प्रकार तयार होतात आणि ते आतल्या आत डीएनएपासून चरबीपर्यंत सगळ्याची नासधूस करतात. शिवाय कण स्वतःच पेशीच्या भिंतीला चिकटून बसला की तिथल्या तिथे आयन सोडत राहतो. कँडिडा कॅथेटरवर किंवा दातांच्या कवळीवर जो चिकट थर धरते तो बायोफिल्म फोडायला साधी औषधं कमी पडतात, तिथे चांदीच्या कोटिंगवर बरंच काम चाललंय. एवढ्या बाजूंनी हल्ला झाला की बुरशीला प्रतिकार शिकायला अवघड जातं. अवघड, अशक्य नाही, कारण बॅक्टेरियात चांदीला न जुमानणारे जीन्स केव्हाच सापडलेले आहेत.

हे तपासायचं कसं? प्लेटवर. साबुरो डेक्स्ट्रोज अगार, म्हणजे बुरशी वाढवायची खाद्य घातलेली जेली, तिच्या प्लेटवर कँडिडा पसरवायची, बुचाच्या पंचने ६ मिलिमीटरचा खड्डा पाडायचा, त्यात कणांचं पाणी भरायचं, एक दिवस उबवायची. भोवती बुरशी नसलेलं स्वच्छ वर्तुळ दिसलं की फूटपट्टी लावून मिलिमीटर मोजायचे. फोटो छान येतो, पोस्टरवर मस्त दिसतो. आणि माझं भांडण याच फोटोशी आहे. प्लेटवर कमीत कमी चार खड्डे हवेत: नॅनोकण, नुसता अर्क, नुसतं सिल्व्हर नायट्रेट तेवढ्याच चांदीचं, आणि फ्लुकोनॅझोलसारखं माहितीचं औषध. बऱ्याच ठिकाणी तिसरा खड्डाच गायब असतो. का, तर सिल्व्हर नायट्रेटचं वर्तुळ कधीकधी नॅनोकणांपेक्षा मोठं येतं आणि मग सगळी कथाच बसते! शिवाय कण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, खाली बसवून, दोन-तीनदा नीट धुतले नाहीत तर वर उरलेलं सिल्व्हर नायट्रेटच बुरशी मारत असतं आणि श्रेय मिळतं तुळशीला. त्यात अजून एक, अगारमधून आयन पटकन पसरतो, मोठा कण पसरत नाही, त्यामुळे वर्तुळ मोठं म्हणजे औषध भारी असा हिशोब लागतच नाही. त्यापेक्षा ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये निम्मं-निम्मं पातळ करत जाऊन कितव्या मायक्रोग्रॅमला वाढ थांबते ते काढावं, त्याला एमआयसी म्हणतात, तो आकडा दुसऱ्या औषधाशी ताडून बघता येतो.

औषधी वनस्पतींबद्दल एक स्पष्टच बोलते. लोकांना वाटतं की गुळवेलीपासून कण बनवले म्हणजे त्यात गुळवेलीचा गुण उतरला. इथे वनस्पती कारागिराचं काम करतेय, बुरशीशी लढतेय ती चांदी. तेच कण केळीच्या सालीपासून होतात, चहाच्या पत्तीपासून होतात, तिथे कोणी आयुर्वेदाचं नाव घेत नाही. हां, वनस्पतीचा अगदीच संबंध नाही असंही नाही, कॅपिंगला कोणते पदार्थ बसलेत त्यावर कणाचं माप, आयन किती जोरात सुटतात, पेशीला तो किती चिकटतो हे ठरतं, कधी अर्कातलं एखादं रसायन बुरशीला थोडंफार त्रासदायक असतंही. पण ते दाखवावं लागतं, वनस्पतीच्या नावावर गृहीत धरायचं नसतं. आणि याच वनस्पतीमुळे एक डोकेदुखी पण येते, जूनमधला कडुनिंब आणि मार्चमधला कडुनिंब यांच्या रसायनांत फरक, सिंहगडाच्या पायथ्याचा आणि हडपसरच्या रस्त्याकडेचा यांच्यात फरक, त्यामुळे दर बॅचला कणांचं माप वेगळं. पेपर काढायला चालतं, गोळी किंवा मलम विकायला नाही चालत, तिथे प्रत्येक ट्यूबमध्ये तेच असायला लागतं. एवढे ढीगभर पेपर आणि बाजारात आलेलं औषध जवळपास नाही, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

दुसरं कारण शरीर. पाण्यात मस्त काम करणारे कण रक्तात गेले की तिथलं क्लोराइड आणि प्रोटीन आयनांना पकडून ठेवतात, म्हणजे जो डोस प्लेटवर पुरला तो आत पुरत नाही, वाढवावा लागतो, आणि वाढवला की आपल्याच पेशींना त्रास व्हायला लागतो. म्हणून चांदीचा खरा उपयोग आजवर बाहेरून लावायच्या गोष्टींतच झालाय: भाजलेल्या जखमेवरचं सिल्व्हर सल्फाडायझिन क्रीम, ड्रेसिंगच्या पट्ट्या, कॅथेटरचं कोटिंग. शेतीतही प्रयोग चालू आहेत, भुरी, करपा, मर यांच्यावर, आणि प्लेटवर निकाल चांगले येतात, पण वावरात ऊन, पाऊस, माती सगळं आडवं येतं, शिवाय फवारलेली चांदी मातीतल्या चांगल्या जीवाणूंना काय करते हा प्रश्न राहतोच. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो औषधांसाठी आणि २०२० मध्ये शेती आणि खाद्यपदार्थांतल्या नॅनो उत्पादनांसाठी तपासणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्यात. कोणी दुकानदार नॅनो बुरशीनाशक गळ्यात मारायला लागला तर कुठल्या तपासण्या झाल्यात आणि नोंदणी आहे का हे सरळ विचारा.

आणि पिऊ नका हो, कृपा करून. 'इम्युनिटी वाढवतं' म्हणून कोलॉयडल सिल्व्हर चमच्याने घेणारी माणसं आहेत. चांदी शरीरात साठत जाते आणि कातडी कायमची निळसर-करडी होऊ शकते, त्याला आर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग जात नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, १९९९ मध्येच सांगून टाकलंय की बिनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या औषधांमध्ये हे सुरक्षित आणि परिणामकारक धरता येत नाही. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या मानकात चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, आणि वर जे १ मिलिमोलरचं द्रावण सांगितलं त्यात लिटरला १०८ मिलिग्रॅम चांदी असते, हजार पटीच्या वर. गजकर्णावर पण घरचा प्रयोग नको, स्किनच्या डॉक्टरकडे जा, तिथली कातडी जराशी खरवडून केओएच टेस्ट (पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून मायक्रोस्कोपखाली बघणं) करतात, काही मिनिटांत बुरशी आहे का नाही ते कळतं.

लॅबवाल्यांसाठी एकच, उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही. ड्रेनेजमधून ते सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात जातं, तिथे मैला खाणाऱ्या जीवाणूंवरच सगळं काम चाललेलं असतं, आणि तिथून पुढे मुळा-मुठेत. बाटलीत थोडं मीठ टाका, मोकळे आयन सिल्व्हर क्लोराइड होऊन पांढरा साका खाली बसतो, तो आणि कणांचं पाणी दोन्ही लेबल लावून केमिकल वेस्टच्या डब्यात, आणि डबा भरला की स्टोअरवाल्या काकांना सांगायचं.